झोपे सर आणि ‘काय सोडलं?’चा रकाना

झोपे सरांना मी शेवटचं पाहिलं ते जळगावच्या एका दवाखान्यात. धुळ्याहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, आज सांगायचंच. पंधरा वर्षं झाली होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि मी एकच वाक्य घोकत होतो... “सर, त्या एकोणीस घरी मी गेलोच नव्हतो.” खोलीत शिरलो तर नर्स सलाईनची बाटली बदलत होती. सर तिला म्हणाले, “सिस्टर, हा सुधाकर. धुळ्याला प्राध्यापक आहे. यानं लिहून आणलेल्या कागदावर मी डोळे मिटून सही करायचो.” ती माझ्याकडे पाहून हसली. मी मोसंबी सोलत बसलो. निघताना “रविवारी परत येतो” म्हणालो. रविवार यायच्या आत कॉलेजचा शिपाई माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला, “जळगावहून फोन होता...” त्याला आता सहा आठवडे झाले.

सर आम्हाला जळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. पहिल्याच तासाला म्हणाले होते, “माझं आडनाव झोपे. वर्गात ते मी एकट्यानंच लावायचं, तुम्ही नाही.” मग फळ्याकडे न वळता विचारलं, “वीज आठ तास येते. विहिरीत पाणी बेताचं. केळीला देणार की कापसाला?” अर्धा वर्ग शेतकऱ्यांच्या पोरांचा. गोंगाट झाला. कुणीतरी ओरडलं, “केळीला!” “बरं. मग त्या पाण्याचा खर्च किती आला?” एकानं विजेचं बिल सांगितलं. सर म्हणाले, “बिल सोड रे भो. तिकडं कापूस तहानलेला राहिला ना, तो तुझा खर्च.” पुस्तकात याला वैकल्पिक खर्च म्हणतात. आम्ही तो शब्द पाठ केला परीक्षेपुरता, पण तो तहानलेला कापूस कुणी विसरला नाही. माणूस काय निवडतो हे बघायचं असेल तर त्यानं काय घेतलं एवढंच बघू नका, त्यापायी काय सोडलं ते विचारा... सरांचं सगळं अर्थशास्त्र या एका प्रश्नात होतं.

त्याच प्रश्नावर ते पीएच.डी. करत होते. चोपड्याकडच्या केळीवाल्यांची तेव्हा एक तक्रार असे : चैत्रात मजुरी वाढवून दिली तरी सातपुड्याच्या पायथ्याची माणसं कामाला उतरत नाहीत, आळशी आहेत. सरांना तो शब्द चालत नसे. “आळशी असा शब्द आपल्या विषयात नाही. तिथं ‘आम्हाला कळलेलं नाही’ असं लिहायचं.” त्यांचा अंदाज होता की ती माणसं पक्का हिशेब करून मजुरी सोडतात, कारण मोहाची फुलं तेवढेच दिवस गळतात आणि केळीचं काम बारा महिने असतं. पण अंदाज तो अंदाज. त्यांनी प्रश्नावली तयार केली. शेवटचा रकाना होता, ‘काय सोडलं?’ आणि एका पाड्यावरची घरं माझ्याकडे दिली. मी नुकताच एम.ए. झालो होतो, बावीस वर्षांचा, नवी पॅन्ट घातलेला.

दुपारी पाड्यावर पोचलो. पहिल्या दोन घरी जमलं. तिसऱ्या घरी अंगणात फुलं वाळत घालणाऱ्या एका तरुण बाईला मी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, “तुम्ही काय सोडलं?” ती उभीच राहिली. दारातून सासू कडाडली, “आमनी सून कोनले सोडीसन उनी नही! तुले कोनी धाडं रे?” नवऱ्यानं टाकलेल्या किंवा नवरा टाकून आलेल्या बाईला तिकडे ‘सोडेल’ म्हणतात, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. माझी आई घरात तीच बोली बोलायची. पण हातात छापील कागद आला आणि मी घरची बोली विसरलो. शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारी खिदळली, “हाऊ सोडेल बाया मोजाले ऊना शे!” मी टाकलेल्या बाया मोजायला आलोय, यावर सगळा पाडा हसला. कान तापले. एक शब्द बदलून मला पुढच्या घरी जाता आलं असतं. मी चोपड्याच्या स्टँडवर येऊन बसलो आणि उरलेले एकोणीस कागद तिथेच भरले. नावं मतदारयादीतून घेतली, वेळ सकाळची टाकली. शेवटच्या रकान्यात एकोणीस वेळा लिहिलं, ‘काही नाही.’

ते कागद सरांनी दोनदा वाचले. “अरे, मला वाटत होतं ते मजुरी सोडतात. हे तर म्हणतात, सोडायला काही नव्हतंच.” कागद खाली ठेवून म्हणाले, “मग माझं चुकलं. लोक सांगतात ते लिहायला हवं.” आणि त्यांनी स्वतःचा बरोबर असलेला अंदाज खोडला... माझ्यासमोर, निळ्या शाईनं.

धुळ्याच्या चर्चासत्रात त्यांनी तो निबंध वाचला. या लोकांपुढे दुसरा पर्यायच नाही, असा निष्कर्ष. वाचून झाल्यावर मागून त्याच भागातले एक आश्रमशाळेचे गुरुजी उठले. “सर, चैत्रात आमच्या पाड्यावर सकाळी कुत्रंसुद्धा घरी नसतं, सगळे मोहाखाली. तुमच्या माणसाला इतकी माणसं घरात कशी गवसली? आणि केळीची मजुरी सोडूनच तर जातात ती!” सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षांनी चष्मा काढला. सरांनी मला तिसऱ्या रांगेत शोधलं. “सुधाकर, तू घरोघर गेला होतास ना?”

माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडे वळला. मी म्हणालो, “हो सर.”

“तो म्हणतो गेला होता, म्हणजे गेला होता,” सर गुरुजींना म्हणाले. “मग माझाच प्रश्न चुकला असणार.” त्यांनी कागद गोळा केले, आणि ते काम पुन्हा कधीच उघडलं नाही. वर्षभरात मला धुळ्याची नोकरी लागली, त्यांच्याच शिफारशीवर. ते मात्र दर वर्षी नव्या वर्गाला सांगत राहिले, प्रश्न विचारताना मी कसा चुकलो ते ऐका... माझा खोटेपणा ते स्वतःची चूक म्हणून शिकवत होते. हे मला त्यांचे विद्यार्थीच येऊन सांगायचे, कौतुकानं. सरांचा मोठेपणा बघा, म्हणायचे. मी मान हलवायचो.

गेल्या आठवड्यात जळगावला सरांच्या घरी, त्यांच्या पत्नीकडे, काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. “पंधरा वर्षं? दर दिवाळीला इथे फराळाला येत होतास तू.” त्यांनी एक खडा बाजूला टाकला. “ते गेल्यावर तोंड फुटलं होय तुला?” मी म्हणालो, “काकू, तुम्ही काय म्हणाल ते...” त्या ताट बाजूला सारून उठल्या. “मला सांगून काय उपयोग? आणि हे असं तोंडी नको. एक तुझं सोडलं तर त्यांनी कधी कुणाचं तोंडी काही घेतलं नाही. लिहून दे. तुझ्या नावानं.”

त्यांनी सरांची खोली उघडली. खिडकीशी टेबल, त्यावर टाचणी लावलेले कागद, प्रत्येकाच्या खाली विचारणाऱ्याचं नाव आणि सही. लिहिणाऱ्याच्या सहीशिवाय सर कागद ठेवत नसत. काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि दाराशी उभ्या राहिल्या. त्या गेल्या नाहीत. मी बसलो आणि पहिली ओळ लिहिली : त्या एकोणीस घरी मी गेलो नव्हतो, आणि सरांचा प्रश्न बरोबर होता. खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. काकूंनी कागद हातात घेऊन वाचला, आणि टाचणी शोधू लागल्या.