उतरलेल्या सेलवरची कॅसेट

कॅसेट आली ती शेजारच्या गावातल्या एका खलाशाच्या पिशवीतून. माझा मुलगा तेव्हा बोटीवर नोकरीला होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कॅसेटच्या डबीत घडी करून एक चिठ्ठी होती. "बाबा, ह्या विलायती बँडमधल्या पोरांची ही पहिलीच कॅसेट. अख्खी ऐका. ऐकून पण डबेच वाटले, तर मी परत विषय काढणार नाही."

डबे हा शब्द माझा होता. ते आधी सांगायला हवं.

पखवाज मी त्याला मांडीवर बसवून शिकवला. आमच्या भजनात माझ्यानंतर तोच बसायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा डावा हात माझ्यापेक्षा गोड. पण गोव्याकडे कामाला गेला आणि तिथल्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायला लागला. सुट्टीत आला तेव्हा बुवांनी त्याला पखवाजावर बसायला सांगितलं. तो म्हणाला, "आता हात दुसऱ्या वळणाचो झालो, बुवानूं." मला ते लागलं. भजनाला बसलेल्या सगळ्यांदेखत मी म्हटलं, "देवासमोरचो पखवाज सोडून ह्यो पत्र्याचे डबे बडयता!" लोक हसले. तो हसला नाही. पखवाज त्याने गवसणीत घातला, नाडी बांधली आणि कोपऱ्यात ठेवला. नंतर तो बोटीवर लागला. पुढच्या दोन सुट्ट्यांत बाजारहाट केली, माडाला पाणी घातलं, माझ्याशी सगळं बोलला. पखवाजाला हात लावला नाही. मीही सांगितलं नाही. मी का सांगू?

आठ दिवस ती कॅसेट फळीवर पडून होती. शेवटी बायको म्हणाली, "आयका मरे एकदा. ती काय तुमका खाता?"

"मी कामात आसंय."

"सुपारी सोलताना कान मोकळे आसतत."

त्यानेच आणलेला टेपरेकॉर्डर घरात होता. रेडिओही त्यातच. आम्ही रोज बातम्या ऐकायचो, कॅसेट अशी कधी लावली नव्हती. दुपारी जेवण झाल्यावर ओटीवर बसून बटण दाबलं. पहिल्या गाण्यात नांगराची साखळी ओढल्यासारखा आवाज आला, मग पत्र्याच्या कारखान्यात शिरल्यासारखा. शेजारीण कुंपणाशी येऊन बायकोला विचारून गेली, "काय गो, गिरण घेतलास काय?" मी बंद केलं. मनात म्हटलं, झालं, डबेच.

पण अख्खी ऐका असं लिहिलं होतं. आणि न ऐकता निकाल दिला असं त्याने म्हणावं, हे मला चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोटं मोजत बसलो. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण मात्रा मोजण्यात मला कोणी हरवलेलं नाही. त्या वाजवणाऱ्याने चार घेतल्या, परत चार, परत चार, आणि मग तीनच. मी मांडीवर थाप मारली तेव्हा तो सम घेऊन पुढे निघून गेलेला. म्हटलं, चुकला बेटा. पुढच्या फेऱ्यात परत तेच. तिसऱ्यातही तेच. तेव्हा सुपारीची पाटी मी बाजूला सरकवली. माणूस चुकतो तेव्हा दरवेळी त्याच जागी चुकत नाही. हा पंधरा मात्रांचा हिशोब करून बसला होता आणि मी त्याला सोळाव्या मात्रेवर शोधत होतो.

मग रोज दुपारी एक बाजू. तिसरं गाणं मऊ होतं, नुसत्या तारा, पागोळ्या पडाव्यात तसं. मध्ये एक गाणं बिनशब्दांचं होतं. त्यात पेटीसारखं काहीतरी आणि गिटार एकमेकांच्या मागे लागायची, एक गप्प झाली की दुसरी तिचंच बोलणं उचलायची. आमच्या भजनात गजर चढतो तसं ते चढायचं, आणि मला वाटायचं आता सुटेल, पण सुटायचं नाही, वळसा घालून परत खाली यायचं. दोषही होते. ह्या पोरांना गप्प बसणं माहीत नव्हतं. पहिलंवहिलं कार्य म्हणून एकाच पंगतीत लाडू, जिलेबी, श्रीखंड सगळं वाढलेलं. ढोल तर पाण्याच्या पिंपावर मारल्यासारखा, नाद घुमतच नाही त्याचा.

पण गाणारा. त्याचा आवाज जाड, खाली, दमलेला. एकेक शब्द ओढून काढायचा. शब्द मला कळत नव्हते. मला वाटायचं, हा माझ्याच वयाचा असणार, ह्याचंही कोणीतरी लांब आहे. शेवटचं गाणं मोठं होतं, सुपारीची अर्धी पाटी सोलून व्हायची. त्यात तो एका ठिकाणी सूर धरून ठेवायचा, आणि बायको चुलीकडून म्हणायची, "इलो तुमचो म्हातारो."

पंधरा दिवसांनी मी गवसणीची नाडी सोडली. कॅसेटची पट्टी आमच्या भजनापेक्षा बरीच खाली होती. हातोडीने वादीतले लाकडी गठ्ठे सैल केले, डाव्या तोंडाला कणीक जास्त लावली, आणि त्या म्हाताऱ्याच्या सुरात पखवाज उतरवला. मग रोज कॅसेटबरोबर वाजवायला बसलो. पंधरा मात्रा हातात बसायला महिना गेला.

मध्ये एकादशी आली. भजनाला पखवाज तसाच नेला. बुवा म्हणाले, "उतरलो आसा रे तुझो पखवाज. मडक्यासारखो वाजता."

"आसांदे. तुमी खाली गावा."

"मी खाली गावू? कित्या?"

कारण सांगितलं नाही. एकदा चढवला असता तर परत तो सूर सापडेल याची मला खात्री नव्हती. त्या एकादशीला बुवा घसा खरवडत माझ्या पट्टीत गायले.

मुलगा आला तो आंब्याला मोहर धरला तेव्हा. दोन दिवस त्याने कॅसेटचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवल्यावर मीच टेपरेकॉर्डर ओटीवर आणून ठेवला. पखवाज आत होता. आधी ऐकू, मग बोलू असं ठरवलं होतं.

त्याने बटण दाबलं, दोन क्षण ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, सेल उतरलेत ह्येचे!"

"उतरले खंय? बातम्यो रोज आयकतंव."

"रेडिओक चलतत. कॅसेट फिरवूक जोर लागता, नायतर ती हळू फिरता." पिशवीतून नवे सेल काढून त्याने घातले.

आणि माझा म्हातारा गेला. त्या जागी एक कोवळा पोरगा उंच आवाजात किंचाळत होता. जे मी चालत शिकलो होतो ते सगळं धावत निघालं होतं. तारांच्या पागोळ्या नव्हत्या, सर होती. माझे हात मांडीवरच राहिले.

"हो कोण?" मी विचारलं.

"गाणारो. बावीस-तेवीसचो आसात. सगळे तशेच, माझ्या वयाचे."

बायको आतून म्हणाली, "मगे म्हातारो खंय गेलो?" आणि मी डोळे वटारायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. रोजची दुपार, एकादशी, बुवांचा घसा. मी सुपारी सोलत राहिलो. महिनाभर मेहनत केली ती चुकीच्या लयीत, चुकीच्या पट्टीत, आणि ते मुलासमोर निघावं!

तो उठून आत गेला. पखवाज घेऊन आला. उजव्या तोंडावर बोट मारून त्याने सूर ऐकला, डावीकडची कणीक चाचपली. ती सकाळी लावलेली, अजून ओली होती. बराच वेळ तो तिथेच बोट ठेवून होता. मग त्याने नवे सेल काढले, जुने परत घातले आणि पखवाज माझ्या पुढ्यात सरकवला.

"वाजवा," तो म्हणाला.

"आता कित्या? चूक आसा ता."

"माका आयकाचा आसा."

म्हातारा परत आला. मी वाजवलं. पहिलं गाणं, पंधराच्या पंधरा. गाणं संपल्यावर मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "डबे नाय हत ते. त्या दिवशी माझा तोंड सुटला. चुकलंय मी." तेवढं बोलायला मला तीन वर्षं लागली होती.

त्याने कॅसेट तशीच पुढे चालू ठेवली. शेवटच्या गाण्याच्या मध्यावर सेल पुरतेच बसले, आवाज ओढत ओढत बंद पडला. त्याने पखवाज स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतला, हाताला थोडं पीठ लावलं आणि म्हणाला, "चौथ्या फेऱ्यात तुमी एक मात्रा खातास."

"खाणंय नाय. सोडतंय."

"खातास. बघा, ही अशी." आणि वाजवून दाखवू लागला. डावा हात तसाच होता, गोड.

ती मात्रा मी सोडतो की खातो, यावर आमचं अजून जमलेलं नाही. दर सुट्टीत तो वाजवून दाखवतो.