अर्ध्या चिऱ्याचा सांधा

एमएस्सीनंतर मला संशोधनासाठी दूरच्या राज्यात जागा मिळाली. पाच वर्षं. घरातली मी पहिली पदवीधर. शिकवणाऱ्यांचे उपकार आहेतच, पण निसर्गातली बलं मुळात एकच होती असं मानणाऱ्या महाएकीकरण सिद्धांताबद्दल घरी बोलावं असं कुणी नव्हतं. रत्नागिरीतल्या भाड्याच्या खोलीत मी तो भिंतीला समजावायची. बाबांची परवानगी हवी होती. ते गवंडी. पाच वर्षं नेमकं काय शिकणार, एवढंच त्यांनी फोनवर विचारलं आणि मला सांगता आलं नाही. म्हणून देवरूखजवळच्या आमच्या गावी गेले.

बाबा शाळेच्या आवारभिंतीचे जांभ्या दगडाचे चिरे लावत होते. दुसऱ्या टोकाला काका. दोघांत तीन वर्षांचा अबोला, पण गावकीने काम दोघांना मिळून दिलेलं, नाही म्हणता येईना. एरवी थर एका पातळीत यावा म्हणून दोन्ही टोकांना एकच दोरी ताणतात. त्यासाठी बोलावं लागलं असतं. म्हणून प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यावरून पातळी धरली आणि मधोमध थर भेटले ते अर्ध्या चिऱ्याच्या फरकाने.

मी तिथेच सांगायला लागले. विश्व सुरुवातीला फार तापलेलं होतं, तेव्हा गुरुत्वाकर्षण सोडून निसर्गातली बलं एकच होती असं मानतात. ते निवत गेलं तशी दूरदूरच्या भागांनी आपापली वेगळी मांडणी धरली, कारण एकाचा निरोप दुसऱ्याला पोचायला वेळच नव्हता. ते भाग जिथे भेटले तिथे असा सांधा राहिला असावा.

बाबांनी थापी खाली ठेवली. "मंग तो मधी दुरुस्त व्हायचा नाय. एक चिरा बदललास तर सांधा बाजूला सरकंल. घालवायचा तर टोकापर्यंत उतरवाय लागंल."

इतकं नीट मला वर्गातही उमगलं नव्हतं.

"तू बघितलास काय गो तो?"

अजून कुणालाच दिसलेला नाही, असं मी सांगितलं. विश्व मधेच इतकं झपाट्याने फुगलं की ते सांधे नजरेपलीकडे गेले असतील, असंही काही जण मानतात.

"म्हंजे जन्म गेला तरी गावंल असं नाय."

"हो."

"संगती कोण हाय?"

"कोणी नाही, बाबा."

ते उठून भिंतीच्या मधल्या सांध्यापाशी गेले. मग म्हणाले, "जा."

आणि काकांच्या पातळीला मिळवायला त्यांनी आपल्या बाजूचा वरचा थर उतरवायला घेतला. मी एसटीच्या वेळेपर्यंत चिरे उचलून देत होते. काका पलीकडे बसून बघत होते.