कुंदाचे पाच ते साडेपाच

कुंदा सकाळी गेली आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिच्या कपाटात गजर वाजला. घर माणसांनी भरलेलं होतं. भिसेगावातल्या आमच्या आळीतल्या बायका, साजगावच्या कारखान्यात तिच्या नवऱ्याबरोबर काम केलेली माणसं, खालापूरहून आलेली लेक मनीषा... सगळे कपाटाकडे बघू लागले. कोणीतरी म्हणालं, फोन वाजतोय, उचला. मनीषानं कपाट उघडून साड्यांच्या घडीवरून आईचा मोबाइल काढला आणि बघून म्हणाली, "फोन नाही, गजर आहे. बाबा, आई पाच वाजता काय करायची?" वसंतभाऊजींनी मान हलवली. "मला ठाऊक नाय गं." मला ठाऊक होतं. मी भिंतीला टेकून बसले होते, तशीच बसून राहिले. अर्ध्या तासानं दुसरा गजर वाजला, तेव्हाही मी काही बोलले नाही.

त्याला आता सहा आठवडे होतील. इतके दिवस जे बोलले नाही ते लिहायला बसले आहे, आणि लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं असतं ही माझी समजूत चुकीची निघाली आहे.

कुंदा ब्लाऊज शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाच्या पिशव्या, आणि दोरीला टांगलेले तयार ब्लाऊज. मी शाळेत शिकवत असताना मनीषा माझ्या वर्गात होती, म्हणून कुंदा मला 'बाई' म्हणायची. पुढे मैत्री झाली, आम्ही एका वयाच्या निघालो, तरी 'बाई' काही सुटलं नाही, फक्त त्याला एक 'गं' चिकटला. मी निवृत्त झाले तसा रोज दुपारचा चहा तिच्याकडे होऊ लागला. ती हातशिलाई करायची, हुका लावायची, आणि मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. तिला वाचता येत होतं, पण डोळे सुईवर असायचे. तिची एकच अट होती. अपघात, खून, मेलेली माणसं, काही वाचायचं नाही. मी तेवढं सोडून पुढे जायची. पेपर संपला की ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "आता सांग, काय काय सोडलंस?" कधी सगळं ऐकून घ्यायची, कधी म्हणायची, "राहू दे, आज नको." म्हणजे सोडायचं मी, पण सोडलेल्याचं काय करायचं ते तिनं ठरवायचं. असा आमचा रिवाज होता. वर्षानुवर्षं चालला.

मग तिला डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रियेत तो काढला, केमो झाली, केस गेले आणि आले. परत मशीनवर बसली तेव्हा पहिलं काम तिनं स्वतःसाठी केलं. ब्लाऊजात त्या बाजूला घातलेली कापसाची गादी हलकी पडते, ब्लाऊज एका बाजूनं वर चढतो, म्हणून तिनं मऊ कापडाची पिशवी शिवून तिच्यात मोहरी भरली. वजन अगदी बेतानं जमवलं. मला दाखवून म्हणाली, "बघ गं बाई, डाव्या बाजूला फोडणीची सोय हाय माझी." मला हसावं की रडावं कळेना. पुढे कोणाकोणाकडून ऐकून तशीच शस्त्रक्रिया झालेल्या बायका तिच्याकडे यायला लागल्या, अगदी खोपोलीच्या शिळफाट्यावरूनसुद्धा. दार लोटून घेऊन ती त्यांची मापं घ्यायची. बाहेर यायच्या तेव्हा त्या ताठ चालत यायच्या.

पाच वर्षं गोळ्या झाल्या. मागच्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि सांगितलं, आता वर्षातून एकदा या. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो आणि कुंदा मात्र त्या दिवसापासून खचली. "गोळी होती तवा कोणतरी पहाऱ्यावर हाय असं वाटायचं," म्हणाली. "आता दार सताड उघडं हाय." रोज आंघोळीच्या वेळी चाचपून बघायची, मग दुपारी परत. खोकला आला की तोच, पाय दुखला की तोच. एकदा एका गिऱ्हाइकाचं भारी कापड तिनं चुकीचं कापलं, आणि कात्री हातात धरून रडत बसली. कुंदाच्या हातून कापड चुकलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मनीषानं तेव्हा तिच्या मोबाइलवर एक लिंक पाठवली. आजार परत येईल या भीतीचं काय करावं, घरच्या घरी मन कसं सांभाळावं, असा परदेशातल्या कुठल्याशा संस्थेचा मजकूर होता, इंग्रजीत. बरोबर निरोप: 'बाईंकडून वाचून घे.' मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. भीती वाटणं स्वाभाविक आहे, असं पहिलंच वाक्य होतं. कुंदा म्हणाली, "एवढं सांगायला तिकडून यावं लागलं काय?" पण सुई थांबली होती तिची. पुढे लिहिलं होतं, कोमट पाण्यात निवांत पडून राहा, मेणबत्त्या लावा. "आपल्याकडं मेणबत्ती लावून आंघोळ केली तर लोक इचारतील, लाइट गेली काय?" आम्ही दोघी इतक्या हसलो की भाऊजी आतून डोकावून गेले. किती दिवसांनी हसत होती ती.

त्यातली एक गोष्ट मात्र तिला पटली. दिवसभर काळजी करू नका, तिला एक वेळ ठरवून द्या. ती आधी आली तर वहीत टिपून ठेवा आणि तिला सांगा, तुझी वेळ झाली की ये. "गिऱ्हाइकासारखंच की," कुंदा म्हणाली. "वेळ देऊन पाठवायचं." पाच ते साडेपाच ठरली, कारण कामावरून परतणाऱ्या बायका नंतर येतात. वही निराळी आणली नाही. मापांची जी वही होती तीच उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात केली. पुढून छाती, कंबर, बाही, गळा, मागून कुंदाच्या काळज्या. कोणाशी तरी बोलून मोकळं व्हा, असंही त्यात होतं, म्हणून पाच वाजता मी समोर. ब्लाऊज गिऱ्हाइकाच्या हातात दिला की त्या मापावर ती बरोबरची खूण करायची. तशीच काळजी मला सांगून झाली की तिच्यावर खूण. दिलं, झालं.

आणि त्या मजकुराच्या अगदी शेवटी एक चौकट होती. त्यावर लिहिलं होतं, या गोष्टी मात्र वेळेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. खाली यादी होती. कुठेही नवं दुखणं आलं आणि दोन आठवड्यांत गेलं नाही, तर. हाडांत, पाठीत. दम लागणं, वजन उतरणं... मी मनात वाचली. समोर कुंदा होती, नुकतीच हसलेली. "अजून काय हाय गं खाली?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "काही नाही. त्यांचे पत्ते आणि फोन नंबर." सोडलेलं तिनं विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं आमच्यात पहिल्यांदा झालं. आपण तिच्यावर दया करतोय असंच मला वाटत होतं. मुलांच्या चुका लाल शाईनं दाखवण्यात आयुष्य गेलं माझं, आणि त्या क्षणी स्वतःची चूक काही दिसली नाही.

तो उपाय लागू पडला, हेच तर मोठं दुर्दैव. शिमग्यानंतरचे चार महिने कुंदा पुन्हा पहिल्यासारखी झाली. पाचचा गजर झाला की मशीनवरून उठून माझ्यासमोर वेताच्या मोड्यावर बसायची आणि वही उघडायची. एकेक काळजी अशी असायची! नातीचं लग्न बघायला मिळंल का... नात दुसरीत. मी गेल्यावर ह्यांना चहा करता येत नाय. परत केस गेले तर ह्या खेपेला टोप घ्यायचा की नाय. मी उपदेश फारसा केला नाही, नुसतं ऐकलं. कधी ती रडायची, कधी मी. साडेपाचचा गजर झाला की ती वही मिटायची. "चल गं बाई, दुकान बंद." खरंच बंद व्हायचं. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही, नवऱ्याशी नाही की लेकीशी नाही.

गौरी-गणपतीच्या आधी, ब्लाऊजांचा ढीग पडलेला असताना, तिनं वहीतून वाचलं, "मणका दुखतो." मला ती चौकट आठवली. आठवली नाही असं मी म्हणू शकले असते, कोणी तपासायला येणार नाही. पण आठवली. मी म्हणाले, "अगं, दिवसाचे दहा तास मशीनवर वाकून बसतेस, दुखणार नाही तर काय? पाठीशी उशी घे." शिवणाऱ्या बाईची पाठ दुखणं यात नवं काय, असं तिलाही वाटलं असणार. तिनं खूण केली. दुसऱ्या दिवशी परत 'मणका', परत खूण. नवरात्र गेलं. उशी आली, मलम आलं. मी दोनतीनदा म्हणाले, सहज दाखवून तर ये, पण म्हणाले अशा आवाजात की तिनं जाऊ नये. कारण ती गेली असती तर काय निघालं असतं याची भीती आता मला वाटायला लागली होती, आणि माझ्या भीतीला कुठली वेळ ठरवून दिलेली नव्हती.

दिवाळीनंतर एका दुपारी तिला मशीनवरून उठताच येईना. भाऊजींनी आणि मी धरून उठवलं. तपासण्या झाल्या. आजार हाडांत उतरला होता, मणक्यात आणि पुढे यकृतातही. डॉक्टर भले होते. मनीषानं विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, दोनेक महिने आधी आला असतात तरी आयुष्यात फार फरक पडला नसता, पण दुखणं आधीच कमी करता आलं असतं. त्या 'फार' या शब्दाशी मी रोज भांडते. फार नाही म्हणजे किती? थोडा पडला असता का? आणि दुखणं? दोन महिने ती बाई दुखण्यावर खूण करत बसली. कोणाला विचारू, आणि विचारून करू काय?

शेवटच्या दिवसांत मी परत मोबाइल घेऊन तिच्या उशाशी बसले. इंटरनेटवर काय नाही? अशा वेळी जवळच्यांनी काय बोलावं, यावरही पानंच्या पानं आहेत. मी एक वाचायला लागले. तिनं डोळे न उघडता माझ्या मनगटावर हात ठेवला. "नको गं वाचूस. नुसती बस." मी बसले. काय सोडलंस, असं ती विचारेल म्हणून मी वाट बघत होते. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मला वाटतं... पण तिनं विचारलं नाही.

परवा मी भाऊजींकडे गेले. पुढच्या खोलीत मशीनवर चादर टाकली होती. माझाच एक ब्लाऊज दोरीवर होता, हुका लावायच्या राहिलेला. भाऊजींनी चहा केला, बरा केला. मग मापांची वही माझ्यापुढे ठेवली. "बाई, मागनं तिनं काय काय लिवलंय. वाचलं मी. पण ह्या खुणा कसल्या?" तिनं लिहिलेली शेवटची चारपाच पानं एका शब्दाची होती. मणका, पुढे खूण. मणका, खूण. पाटीवर मुलांनी अक्षर गिरवावं तशी ओळीनं. मी सांगितलं. पाच ते साडेपाचचं, मला सांगून झालं की खूण करायची ते, आणि चौकटीचंही. भाऊजी बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. "म्हंजे गणपतीच्या आधीपासनं." मी म्हटलं, "हो." "मला दिवाळीनंतर बोलली." मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं. ते वहीवरून हात फिरवत म्हणाले, "तुमाला सांगितलं ना तिनं. मंग तिच्या हिशेबी तिनं सांगितलंच की."

तेवढ्यात कपाटात गजर वाजला. तो अजून कोणी काढलेला नाही, भाऊजी मोबाइल चार्जसुद्धा करून ठेवतात. मनीषाला काढता येतो, पण तिलाही काढवत नाही. भाऊजींनी आतून मोबाइल आणला, गजर थांबवला आणि मोडा माझ्यासमोर ओढून त्यावर बसले, कुंदा बसायची तिथे. "ते सोडलेलं हाय का अजून तुमच्याकडं?" ती लिंक मी तेव्हाच माझ्या फोनवर घेऊन ठेवली होती. "वाचा," म्हणाले.

मी वाचलं. एकही ओळ सोडली नाही. वाचून व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही.