स्टँडासमोरच्या चाळीचं भाडं

भाड्याच्या भांडणांच्या कचेरीत नोकरी केली की किस्से साठतातच. पगार कधी साठला नाही, किस्से मात्र पोतंभर! स्वातंत्र्य मिळालं, साताऱ्यात एस.टी.चं नवं स्टँड व्हायचं ठरलं, आणि आसपासच्या घरमालकांना शिंगं फुटली. भाडी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी होती तेवढीच ठेवायची, हे आमच्या साहेबांचं काम. मी कारकून, बापू पट्टेवाला. सगळ्यात जास्त तक्रारी एकाच चाळीच्या. दौलतशेटची चाळ, अगदी स्टँडासमोर!

*

त्या चाळीतला हसनचाचा शिंपी एकदा कचेरीत आला. "साहेब, माझ्या खोलीत भूत हाय. भाडं कमी करा."

साहेबांनी चष्मा पुसला. "लढाईआधीपासून आहे, की नंतर आलं?"

"आधीपासनं हाय की!"

"मग ते जुन्या भाड्यात धरलेलंच आहे. कमी होणार नाही!"

आम्ही पोट धरून हसलो. चाचा हसला नाही. "आवं, एकदा येऊन बसा तितं," एवढंच म्हणाला आणि गेला.

*

शेटला हे कळलं. त्याला चाळ रिकामी करून हॉटेल काढायचं होतं. मग तोच सांगत सुटला, "भूत लय वंगाळ हाय, लेकरंबाळं घेऊन निघा!"

चाचा म्हणाला, "शेट, आमी भाडं भरून ऱ्हातो, त्ये भूत फुकट ऱ्हातं. आदी त्याला नोटीस काढा!"

एकही बिऱ्हाड हललं नाही. शेट स्वतः मात्र त्या दिवसापासून चाचाच्या खोलीचा उंबरा ओलांडेना.

*

मग त्याच खोलीचं माप घ्यायला आम्ही गेलो. भरदिवसा आत काळोख. बापू फितीचं टोक घेऊन आत गेला, मी दारात उभा.

"भिंतीला लाव. घट्ट धर!"

फीत ताणली गेली. नऊ फूट. मी लिहून घेतलं. तेवढ्यात पाठीमागून बापूचा आवाज, "टोक आत ठेवून जरा तंबाखू मळायला मागल्या दारानं भाईर गेल्तो. आता कुटं धरू?"

माझ्या हातातली फीत अजून ताठच होती!

कचेरीत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "पुन्हा मोजलंस का?"

"मोजलं. नऊच फूट."

"मग तक्रार काय आहे? सही कर."

*

आता शेवटचा किस्सा. चाळीत राधाक्का राहायची. खोली तिच्या मुलाच्या, मारुतीच्या नावावर. मारुती पलटणीतून बर्माला गेला आणि लढाईत बेपत्ता झाला. शेटनं अर्ज केला, भाडेकरू राहतच नाही, खोली मला द्या.

साहेबांचा जीव तुटत होता. "आक्का, खोली तुमच्या नावावर करा. एक अंगठा द्या, कुणी तुम्हाला हलवणार नाही."

"न्हाई. नाव खोडलं म्हंजी त्यो मेला की वो. सरकारनं बी अजून तसं लिवलं न्हाई, म्या कशाला लिवू?"

तिला जायला दुसरं घर नव्हतं. पण तिनं ऐकलं नाही.

तारखेचा दिवस. दुपारचे बारा. तीनदा पुकारा करायचा, माणूस आला नाही की निकाल मालकाच्या बाजूनं, हा नियम. बापू दारात उभा राहिला.

"मारुती राणू, हाजिर हो!"

शेट खुशीत मांडी हलवत होता.

"मारुती राणू, हाजिर हो!"

साहेबांनी मान खाली घातली. मला आक्काकडं बघवेना.

"मारुती राणू, हाजिर हो!"

"हाजिर, साब!"

व्हरांड्यातून. खणखणीत, टाचा जुळवल्याच्या आवाजासकट. बापू भिंतीला टेकला. त्याच्या पुढं व्हरांडा रिकामा, नुसतं ऊन.

मी विचारलं, "साहेब, काय लिहू?"

साहेब दाराकडंच बघत होते. "हजर," ते म्हणाले. "हजर लिही."

शेटनं हरकत घेतली नाही. टोपी विसरून, व्हरांडा टाळून तो मागच्या जिन्यानं उतरला.

राधाक्का उठली. दारापाशी जाऊन रिकाम्या व्हरांड्याकडं बघत हळूच म्हणाली, "ऱ्हायली रं खोली. आता जा माज्या राजा."