गोबऱ्याची दोरी

चोपड्याचा चुडामण भोई तापीच्या डोहात लहानपणापासून गळ टाकायचा. सत्त्याऐंशी साली त्याचा मेहुणा मगन त्याला वेरावळला घेऊन गेला. मगन तिथे सहा वर्षं रतिलाल तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हाताखाली होता. "दाजी, समुद्र मोठा, मासाबी मोठा," तो म्हणाला होता.

चुडामणच्या पहिल्याच फेरीत किनाऱ्यापासून चार तासांवर होडी थांबली तेव्हा पाणी अगदी निवांत होतं. वारा नाही, लाट नाही. खाली खडक होता आणि कपारींत गोबरे. गोबरा म्हणजे थोराड तोंडाचा, आडदांड मासा. गळाला लागला की तो थेट आपल्या बिळात घुसतो.

हे चुडामणला कुणी सांगितलं नव्हतं. नदीवरच्या सवयीनं त्यानं नायलॉनची दोरी हाताला दोन वेढे देऊन धरली होती. हिसका बसला तसा तो कठड्यावर आदळला. दोरी बोटांत रुतत गेली. मासा कपारीत फुगून बसला, वर येईना आणि दोरी सोडेना.

"मगन, काप! दोरी काप!"

मगनच्या हातात चाकू होता. त्यानं आधी रतिलालकडे पाहिलं.

"कापायची नाही," रतिलाल म्हणाला. "वीस किलोचा आहे. दमेल."

मगननं चाकू खाली केला. मासा दमायला बराच वेळ लागला. वर आला तेव्हा त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगून जठर तोंडातून बाहेर आलं होतं, डोळे बटबटीत झाले होते. मगन आणि रतिलालनं तो आत ओढला. मग चुडामणची दोरी सोडवली. दोन बोटं काळीनिळी पडली होती, एकाचं हाड दिसत होतं.

एवढा शांत दिवस फुकट घालवायला रतिलाल तयार नव्हता. होडी संध्याकाळपर्यंत तिथेच राहिली. चुडामणनं हाताला फडकं गुंडाळलं आणि डाव्या हातानं इतरांच्या गळांना आमिष लावत बसला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं बोटं कापली.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, प्रमिलाबाईला, सांगितलं, "यंत्रात सापडली." पुढे तो केळीच्या बागेत मजुरी करू लागला.

चार वर्षांनी दिवाळीला मगन बहिणीकडे आला. जेवता जेवता रंगात येऊन समुद्राच्या गोष्टी सांगू लागला. "अन् हाऊ दाजी! बोटं दोरीमा, अन् काप, काप, म्हनीसन असा रडे! तांडेल हसी हसी बेजार!"

प्रमिलाबाईचा हात भाकरीच्या टोपलीवर थांबला.

"चाकू कोनाकडे व्हता?"

"मनाकडेच. पन तांडेल नही म्हने ना."

तिनं भावाच्या पुढचं ताट उचललं आणि दाराबाहेर नेऊन कुत्र्यापुढे ठेवलं. मगन हसायचा प्रयत्न करत उठला, हात न धुता चप्पल घालून निघून गेला.

"माले काबरं नही सांगं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

चुडामण खाली बघत म्हणाला, "तुना एकच भाऊ शे."

"व्हता," ती म्हणाली, आणि रिकाम्या पाटावरचं सांडलेलं वरण पुसू लागली.