सासूबाईंच्या माघारी मोडलेली चूल

सासूबाई आठ दिवसांसाठी लेकीकडे अर्नाळ्याला गेल्या, आणि त्यांची एसटी नंदाखालच्या वळणाआड होते न होते तोच मी पहार काढली.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा पस्तिशीतली, मॅट्रिक पास आणि नुकतीच निर्धूर चुलीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेली. तीन दिवस! तेवढ्यात माणसाला धड ताप येऊन जात नाही, मला मात्र ज्ञान येऊन बसलं होतं. प्रमाणपत्र मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलं. देवाला कुणी हात जोडले की त्यातला थोडा नमस्कार त्यालाही पोचावा, असा बेत.

घरात गॅस होता, पण चहापुरता आणि पाहुण्यांना दाखवण्यापुरता. भात, कालवण, अंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. वाडी नारळ-केळीची, त्यामुळे झावळ्या, नारळाची सोडणं, करवंट्या यांना तोटा नव्हता, धुरालाही नव्हता. ती चूल सासूबाईंनी स्वतःच्या हाताने घातलेली. दर दिवाळीला तिला मातीचा नवा हात द्यायच्या आणि ओल्या बोटाने कडा गुळगुळीत करत बसायच्या. तिला कुणाचा चुकून पाय लागलेला त्यांना खपत नसे, आणि मी पहार लावली. विचारलं का नाही? विचारलं असतं तर त्या ‘नाही’ म्हणाल्या असत्या. इतकी हुशार होते मी.

मनात सगळं चित्र तयार होतं. त्या येणार, बिनधुराचं स्वयंपाकघर बघणार, त्यांचे डोळे भरून येणार आणि त्या म्हणणार, “सूनबाई, जिंकलंस!” हा प्रसंग मी इतक्यांदा रंगवला की एकदा भांडी घासताना माझेच डोळे भरून आले.

दोन दिवसांत चूल उभी राहिली. पुढे जाळाचं तोंड, वर दोन भांड्यांसाठी दोन भोकं, आतून एका भोकाकडून दुसऱ्याकडे जाणारा बोगदा आणि मागे सिमेंटचा पाइप थेट कौलांतून बाहेर. जाळ बोगद्यातून दुसऱ्या भांड्याखाली जायचा आणि धूर पाइपातून आभाळात. पुस्तिकेत तसं चित्रच होतं. चित्रातली बाई हसत होती.

चूल वाळवून सहाव्या दिवशी पेटवली. धुराने पाइपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आला तो सरळ माझ्या तोंडावर.

“सोडणं ओली असतील,” नवरा म्हणाला.

“सोडणं नाही, पाइप बुटका आहे. चढा वर.”

बिचारा चढला. पाइपाला जोड देऊन तो दोन फूट उंच केला. धूर तसाच. मग मला वाटलं, समुद्राकडचा वारा धूर आत लोटत असणार. पाइपाच्या टोपीचं तोंड वाडीकडे फिरवलं. धूर तसाच. भोकांवर भांडी ठेवून फटी मातीने लिंपल्या, तेव्हा तर कमालच झाली. प्रत्येक कौलाखालून धूर निघू लागला. आमचं घर लांबून मोदकपात्रासारखं दिसत होतं म्हणे.

शेजारच्या वाडीतली ख्रिस्ती मैत्रीण दोन बादल्या घेऊन धावत आली. “वहिनी, पोरं बाहेर काढलीस का?”

“अगं, आग नाही लागली. निर्धूर चूल आहे.”

तिने खोकत खोकत आत डोकावलं. “बरं झालं बाई निर्धूर घातलीस. धुराची असती तर आज आम्ही तुला मातीच द्यायला आलो असतो.”

आठवा दिवस उजाडला. नवरा कौलांवर पाइपाला मिठी मारून बसलेला, मी खालून ओरडतेय, “अजून जरा डावीकडे!” मैत्रीण बादल्यांसकट हजर. आणि अंगणातून आवाज आला, “घर जळतंय, आणि तू वर बसून काय करतोस रे?”

सासूबाई! धूर त्यांना एसटी स्टॉपवरून दिसला होता. एका हातात चपला, दुसऱ्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी, अशा त्या धावत आल्या होत्या. त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

“माझी चूल?”

मी आठ दिवस घोकलेलं भाषण होतं. तोंडातून फक्त खोकला आला. मग म्हटलं, “मोडली.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती बोंबलांची पिशवी खाली ठेवली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय, आणि धूर नसता तरी माझे डोळे वाहिलेच असते.

त्यांनी पदर खोचला, निखारे बाहेर ओढले, भांडी उतरवली, जरा वेळाने भोकातून हात आत घातला. बोटांच्या पेरांशीच तो अडकला.

“हा बोगदा किती ठेवलास?”

“चार बोटं. पुस्तकात लिहिलंय.”

“कुणाची?”

हे मला कुणी विचारलंच नव्हतं! आम्हाला शिकवणाऱ्या बाईंचा पंजा गवंड्याच्या थापीएवढा होता. माझी बोटं म्हणजे मेथीच्या काड्या, आणि त्यांचा मला असा काही गर्व की प्रशिक्षणाला मी नेलपॉलिश लावून गेले होते. सासूबाईंनी माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी धरला. नारळ सोलून सोलून रुंदावलेली त्यांची चार बोटं म्हणजे माझी सहा.

“ह्यातून उंदीरसुद्धा अंग चोरून जाईल. धूर कसा जाणार?”

त्यांनी कोयत्याने बोगदा आतून तासला आणि कोपरापर्यंत हात घालून ओल्या मातीने सारवला. त्यांची मूठ आत सहज फिरू लागली तेव्हा म्हणाल्या, “पेटव.” मी पेटवलं. जाळ कुणीतरी हाक मारल्यासारखा आत वळला आणि दिसेनासा झाला. स्वयंपाकघर लख्ख. समोरची भिंत दिसायला लागली.

आणि छपरावरून किंकाळी आली. नवऱ्याला आम्ही विसरलोच होतो! तुंबलेला सगळा धूर एकदम त्याच्या तोंडावर गेला होता. तो उतरून दारात उभा राहिला, तर त्याच्या आईनेच विचारलं, “कोण पाहिजे?”

मैत्रीण बादली उपडी घालून तिच्यावर बसून हसली. मीही हसले, पण सासूबाई हसत नाहीत हे बघून अर्धं हसू गिळलं.

त्यांनी एका भोकावर भात चढवला, दुसऱ्यावर कालवण. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “माझ्या चुलीची माती कुठे टाकलीस?”

आता खरं बोलावं लागणार होतं. “टाकली नाही, आई. हिच्यातच मळली. तळ्यावरून सगळी नवी आणायचा कंटाळा आला.”

हे ऐकून तर त्या मला घराबाहेर काढतील, असं वाटलं. त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि नव्या चुलीच्या कडेवरून सावकाश गोल फिरवलं.

“मग मोडली म्हणून रडतेस कशाला? हलवलीस नुसती.” बोट पदराला पुसत म्हणाल्या, “पुढच्या वेळी विचारून हलव.”

महिन्याभरात आळीतल्या बायका आपापल्या घरी अशी चूल घालून घ्यायला सासूबाईंनाच बोलवू लागल्या. त्या ऐटीत पुढे, मी मागून डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन. एकीने विचारलं, “प्रशिक्षण कुणी घेतलंय, मावशी?”

“हिने,” सासूबाई मागे न बघता म्हणाल्या, “पण बोटं माझी.”

मी मान डोलावली. डोक्यावर घमेलं असताना ती फार जपून डोलवावी लागते.