बाबांची शिकवणी

बारावी सायन्सनंतर मी कॉमर्सला उडी मारली, कारण मला अमेरिकेचं सीपीए, म्हणजे तिकडचं सीए, करून गुरुग्रामच्या एखाद्या चकाचक ऑफिसात बसायचं होतं. आई म्हणाली, डेबिट-क्रेडिट ठाऊक नाही आणि बाईसाहेब चालल्या सीपीए व्हायला! बाबा मात्र खूश. ते केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते, रिटायरमेंट तोंडावर आलेली. क्लास कशाला, मी आहे ना, म्हणाले.

मग दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी शिकवणी. एरवी ऑफिसातून आल्यावर ‘हं’च्या पलीकडे न बोलणारा हा माणूस डायनिंग टेबलाशी तासभर बोलायचा, चक्क हसायचासुद्धा. सांगणं एकच : पैसा हातात पडेपर्यंत तो जमा धरायचा नाही. सरकारी हिशेब तसेच चालतात. कॉलेजात सर म्हणायचे, माल विकला की उत्पन्न धरा, पैसे मागाहून येऊ देत. मला वाटायचं, सरांना काय कळतंय! बाबांची अख्खी नोकरी यात गेलीय यार.

पहिल्या सेमिस्टरला अकाउंटिंगमध्ये सपशेल आपटले. उधारीवरची सगळी विक्री मी गाळून टाकली होती. सर म्हणाले, पाया असा कच्चा राहिला तर सीपीए विसर. आधी क्लास लाव. घरी येताना मेट्रोत मला रडूच कोसळलं. नापास झाल्याचं होतंच, पण तुमची शिकवणी बंद, हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटी जेवताना सांगून टाकलं. मला वाटलं, वाद घालतील. त्यांनी हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "कंपन्यांचे हिशेब वेगळे असतात. तुझं पुस्तक चाळलं तेव्हाच कळलं होतं मला."

मी भडकलेच. मग बोलला का नाहीत? माझं वर्ष गेलं असतं ना! आईनेही त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"बोललो असतो तर तू क्लासला गेली असतीस," बाबा म्हणाले. "मग माझ्याशी कोण बसलं असतं?"

त्यांचा इतका राग आला होता, आणि तरी त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी क्लास लावायला गेले. तिथली बाई म्हणाली, कॉलेजवाल्यांना संध्याकाळची बॅच बरी पडते.

मी म्हटलं, "शनिवार-रविवारची द्या. संध्याकाळी मला घरी शिकवणी असते."